तिसऱ्या अपत्याचा गुन्हा कोणाचा?

(डहाणू येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला नेमून दिलेला विषय पत्रिकेवर 'भारतातील जननदराची प्रादेशिक तफावत' अशा भारदस्त शब्दांत छापला आहे. हयातभर पदव्युत्तर वर्गांना अर्थशास्त्र शिकविलेल्या माणसाला अशा विषयावर तासभर बोलणे अवघड नसते. फळ्यावर तक्ते काढावेत, बिहार वर आणि केरळ खाली लिहावे, एवढ्याने तास संपतो. परंतु काल रात्री जेवणानंतरच्या बैठकीत दोन गोष्टी कानांवर आल्या आणि मी करून आणलेले टिपण बाजूला ठेवले.

पहिली गोष्ट एका तरुण कार्यकर्त्याने विचारलेल्या प्रश्नाची. तो म्हणाला, "सर, जमीन, मजुरी, रेशन यांवर आपण बोलतो. पण पाड्यांवर पोरे फार होतात त्यावर आपण बोलत नाही. दारिद्र्य त्यातूनच येत नाही का?" दुसरी गोष्ट प्रश्नरूपाने आलीच नाही. तलासरीकडील एका बाईने सहज सांगितले की, ती ग्रामपंचायतीवर निवडून आली होती, तिसरे मूल झाले, विरोधकाने तक्रार केली आणि तिचे सदस्यत्व गेले. एवढे सांगून ती ताट धुवायला उठून गेली. माझे आजचे बोलणे या दोघांना उद्देशून आहे. तक्ते त्यासाठी लागतील तेवढेच काढीन.

प्रथम आकडे. एक स्त्री तिच्या जननक्षम वयात सरासरी किती मुलांना जन्म देईल, याच्या अंदाजाला एकूण जननदर म्हणतात. हा दर २.१ असला की एक पिढी मागच्या पिढीची जागा भरून काढते. लोकसंख्या दीर्घकाळात वाढतही नाही व घटतही नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पहिल्या फेरीत, म्हणजे १९९२-९३ साली, भारताचा जननदर ३.४ होता. पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, तो २.० वर आला. म्हणजे ज्याला 'लोकसंख्येचा स्फोट' म्हणून आमच्या पिढीला घाबरविण्यात आले, त्याची वात विझून गेली आहे. ही गोष्ट अद्याप पुष्कळ शिकलेल्या लोकांनाही ठाऊक नाही, कारण त्यांनी वाचलेले पाठ्यपुस्तक त्यांच्या शाळेतले आहे.

या राष्ट्रीय सरासरीच्या पोटात प्रदेशाप्रदेशांतले अंतर मोठे आहे. पाचव्या फेरीत बिहारचा दर ३.०, मेघालयाचा २.९, उत्तर प्रदेशाचा २.४, तर केरळ व तामिळनाडूचा १.८, महाराष्ट्राचा १.७, पंजाब व पश्चिम बंगालचा १.६, गोव्याचा १.३ आणि सिक्कीमचा १.१. एवढेच पाहिले तर काही प्रदेश शहाणे व काही अडाणी असे वाटू लागते. परंतु याच आकड्यांना कालाची जोड द्या. पहिल्या फेरीत उत्तर प्रदेशाचा दर ४.८ होता. तीस वर्षांत तो निम्म्यावर आला, आणि उत्तर प्रदेश आज जेथे आहे तेथे महाराष्ट्र फार जुन्या काळी नव्हे, गेल्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास होता. तेव्हा हे अंतर स्वभावाचे नसून वेळेचे आहे. एकाच रस्त्यावरून सारे चालले आहेत; कोणाला रस्ता लवकर मिळाला, कोणाला उशिरा.

रस्ता कोणाला उशिरा मिळतो, याचेही उत्तर याच सर्वेक्षणात आहे. अनुसूचित जमातींचा जननदर २.१ आणि 'इतर' या सदरातील जातींचा १.९, म्हणजे फरक नाममात्र आहे. याउलट, देशातील सर्वांत गरीब पंचमांश कुटुंबांचा दर २.६, सर्वांत सधन पंचमांशाचा १.६. कधीच शाळेत न गेलेल्या स्त्रियांचा २.८, बारावी व त्याहून अधिक शिकलेल्यांचा १.८. जमातीमुळे दोन दशांशांचा फरक पडतो. दारिद्र्याने आणि निरक्षरतेने पूर्ण एका मुलाचा पडतो. 'आदिवासींना पोरे फार होतात' असे जो म्हणतो, तो वर्गाचा प्रश्न जमातीच्या नावावर खपवीत असतो, आणि बहुधा नकळत खपवीत असतो. (हे मी स्वतःच्या अनुभवाने सांगतो. कित्येक वर्षे मी वर्गात मोठ्या कुटुंबाला दारिद्र्याचे कारण म्हणून शिकविले. बाण उलट्या दिशेनेही जातो हे पाठ्यपुस्तकाच्या तळटीपेत होते. मी ती टीप परीक्षेला येत नाही म्हणून सोडून देत असे.)

सरासरी या गोष्टीविषयी आणखी एक सांगावयास हवे, कारण ते आपल्याच भागाविषयी आहे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला. त्याआधी डहाणू व तलासरी ठाणे जिल्ह्यात होते. २०११ च्या जनगणनेत ठाणे हा देशातील सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा होता. त्याची लोकसंख्या १ कोटी १० लाखांवर होती. तलासरी तालुक्याची लोकसंख्या होती दीड लाखाच्या जरा वर, आणि तीत दहापैकी नऊ माणसे आदिवासी. म्हणजे जिल्ह्याच्या शंभर माणसांत तलासरीची दीडसुद्धा नव्हती. ठाणे शहरातील, कल्याण-डोंबिवलीतील नोकरदार कुटुंबांचे आकडे आणि झरी, उधवा, सायवनच्या पाड्यांचे आकडे एकाच पातेल्यात ढवळले जात. जिल्ह्याची सरासरी उत्तम येई. त्या उत्तम सरासरीखाली येथील मुलांचे मृत्यू वर्षानुवर्षे झाकले गेले. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीची बालके दगावली तेव्हा महाराष्ट्राला धक्का बसला, तो या झाकणामुळे. 'प्रादेशिक तफावत' म्हणजे केवळ बिहार आणि केरळ नव्हे. पश्चिम रेल्वेच्या एकाच मार्गावर विरार आणि घोलवड यांच्यामध्ये ती सापडते.

आता त्या तरुण मित्राच्या प्रश्नाकडे येतो. मुले फार म्हणून दारिद्र्य, की दारिद्र्य म्हणून मुले फार?

या भूमीवर या प्रश्नाचा इतिहास फार जुना आणि फार क्रूर आहे. तुमच्या आजोबा-पणजोबांच्या काळी येथे लग्नगडी नावाची पद्धत होती. तरुणाने लग्नासाठी सावकाराकडून अथवा जमीनदाराकडून कर्ज घ्यावे आणि त्या कर्जापोटी त्याने व त्याच्या नव्या बायकोने त्या जमीनदाराकडे राबावे. कर्ज फिटत नसे, आयुष्य फिटे. त्या दोघांच्या पोटी येणारे मूल हे धन्याच्या दृष्टीने नवा गुराखी होते. म्हणजे वारल्याचे लग्न, वारल्याची बायको आणि वारल्याचे मूल या तिन्ही गोष्टी दुसऱ्याच्या शेतीच्या अर्थव्यवस्थेत आधीच मांडून ठेवलेल्या होत्या. १९३९ च्या अहवालात सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने येथील वेठीचे वर्णन केले. सरकारने तो अहवाल ठेवून दिला. २३ मे १९४५ रोजी झरी येथे हजारो वारली जमले आणि वेठ करणार नाही, लग्नगडी राहणार नाही असे त्यांनी ठरविले. त्या वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड व त्याचे सोबती पडले. गोदावरीबाई आणि शामराव परुळेकर यांच्या कार्याचे मोल आपण येथे पुन्हा सांगण्याचे कारण नाही. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मी फक्त एवढे नोंदवितो की, या देशात स्वतःच्या कुटुंबावर स्वतःची सत्ता मिळविण्यासाठी झालेला तो एक लढा होता, आणि लोकसंख्येच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात त्याचा उल्लेख मला आढळला नाही.

वेठ गेली. परंतु जोडीने राबण्याची रीत गेली काय? दिवाळीनंतर आपले पाडे ओस पडतात. भिवंडीच्या, वसईच्या वीटभट्ट्यांवर माणसे जातात. भट्टीमालक बयाणा देतो तो एका माणसाला पाहून देत नाही, जोडीला पाहून देतो. हाताखाली विटा उलट्यापालट्या करणारी, राख-माती वाहणारी मुले असली तर हिशेब वेगळा होतो. आठवड्याची खावटी बयाण्यात वळती होते आणि पावसाच्या तोंडाशी घरी परतताना हातात काय उरते ते तुम्ही मला सांगावे. काही पुरुष गुजरातच्या मासेमारी बोटींवर जातात, काही उंबरगाव-वापीच्या कारखान्यांत कंत्राटावर, काही येथल्याच चिकूच्या वाड्यांत. ज्या घराचे उत्पन्न हातांच्या संख्येवर ठरते, त्या घराला 'हात कमी करा' असे सांगणे म्हणजे त्याला उत्पन्न कमी करा असे सांगणे होय. १९५० च्या दशकात पंजाबात खन्ना येथे हार्वर्ड विद्यापीठाच्या तज्ज्ञांनी कुटुंबनियोजनाचा मोठा प्रयोग केला. शेतकऱ्यांनी गोळ्या नम्रपणे घेतल्या, आणि मुलांची संख्या मात्र घटली नाही. पुढे महमूद ममदानी यांनी त्यांपैकी एका गावी जाऊन त्यामागचे साधे कारण उघड केले: त्यांना मुले हवी होती, कारण शेतात माणूस हवा होता. गावकरी अडाणी नव्हते. हिशेब चुकला होता तो तज्ज्ञांचा.

दुसरा हिशेब मरणाचा आहे. समजा, एखाद्या वस्तीत पाच मुलांपैकी एक मूल मोठे होण्याआधी दगावते. तेथे ज्या जोडप्याला दोनच मुले आहेत, त्याची दोन्ही मुले जगण्याची शक्यता शंभरात ६४. म्हणजे शंभरांतल्या ३६ घरांत निदान एक मूल तरी जाणार. आता समजा, पन्नासात एकच मूल दगावते. तेथे दोन्ही मुले जगण्याची शक्यता शंभरात ९६. 'हम दो हमारे दो' ही घोषणा दुसऱ्या वस्तीत शहाणपणाची आहे. पहिल्या वस्तीत ती जुगार आहे. गरीब माणूस जुगार खेळत नाही, तो एक मूल अधिक ठेवतो. केरळात बालमृत्यू आधी घटले, मुली आधी शाळेत गेल्या, रेशनचे दुकान आणि प्राथमिक आरोग्य केंद्र आधी आले, आणि त्यामागून जननदर उतरला. २०२० च्या नमुना नोंदणीनुसार हजार जिवंत जन्मांमागे एक वर्षाच्या आत दगावणारी बालके केरळात ६, महाराष्ट्रात १६, मध्य प्रदेशात ४३. महाराष्ट्राचे १६ म्हणजे तलासरीचे १६ नव्हेत, हे आता मी पुन्हा सांगत नाही.

तिसरा हिशेब म्हातारपणाचा. निराधार वृद्धांसाठी आपल्या राज्याची एक योजना आहे. महिन्याला १,५०० रुपये मिळतात. त्या योजनेचे नाव श्रावणबाळ. सरकारने नाव ठेवतानाच कबूल करून टाकले आहे की, या देशात मुलगा हेच निवृत्तिवेतन होय. मला महिन्याच्या पहिल्या तारखेला निवृत्तिवेतन मिळते, म्हणून मला एका मुलीवर थांबणे परवडले. त्यात माझा काही विवेक होता अशी माझी समजूत होती. तो बव्हंशी वेतन आयोगाचा प्रताप होता.

परंतु साथींनो, येथे मला आपल्याच बाजूला थोडे खडे बोल सुनवावयाचे आहेत. माल्थसने १७९८ साली गरिबांच्या माथी गरिबीचे खापर फोडले, मार्क्सने त्याचा समाचार घेतला, आणि तेव्हापासून डाव्या चळवळीतील पुष्कळांनी कुटुंबाच्या आकाराचा विषयच वर्ज्य मानला. ही चूक आहे. जास्त मुले म्हणजे जास्त हात हा हिशेब घराचा म्हणून ठीक. पण ती मुले ज्या शरीरातून येतात त्या शरीराचा हिशेब कोण करतो? अठरा-एकोणीस वर्षांची, अंगात रक्त नसलेली मुलगी दुसऱ्या बाळंतपणाला सामोरी जाते, पहिले मूल अजून अंगावर पीत असते, आणि जानेवारीत ती भट्टीवर माती तुडवीत असते. तिला तिसरे मूल हवे होते काय, असे तिला कोणी विचारले? नवऱ्याने नाही, सासूने नाही, सरकारने नाही, आणि आपण तरी कुठे विचारले? वनहक्काचा दोन एकरांचा तुकडा चार भावांत वाटला गेला तर काय होईल, हाही प्रश्न खोटा नाही.

महाराष्ट्राची परंपरा तर याबाबतीत वेगळीच आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि त्यापायी प्राध्यापकाची नोकरी गमावली. 'समाजस्वास्थ्य' मासिक ते १९२७ पासून मरेपर्यंत चालवीत राहिले. लोकसंख्येची भीती हे त्यांचे कारण नव्हते. स्त्रीच्या इच्छेविरुद्ध तिच्यावर मातृत्व लादले जाऊ नये, हे होते. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधिमंडळात स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने संततिनियमनाच्या सोयी सरकारने पुरवाव्यात असा ठराव पी. जे. रोहम यांनी मांडला, त्यामागे डॉ. आंबेडकर होते. ठराव फेटाळला गेला. श्रमिकांच्या पक्षाने, श्रमिक स्त्रीच्या बाजूने, हक्क म्हणून मागितलेली ती गोष्ट होती. पुढे राज्यकर्त्यांनी तिचे लक्ष्यांक केले.

त्या लक्ष्यांकांची आठवण मला घरचीच आहे. १९७६ साली मी शाळेत शेवटच्या वर्गात होतो. माझे वडील प्राथमिक शिक्षक. शिक्षकांना त्या वर्षी शस्त्रक्रियेच्या 'केसेस' ठरवून दिल्या होत्या. त्या पुऱ्या होईपर्यंत पगार अडकलेला. वडिलांनी दोन केसेस आणल्या. एक साठीच्या पलीकडचा विधुर होता. दुसरा आमच्या वाडीवर गवत कापायला येणारा आदिवासी तरुण. त्याचे लग्न झाले होते की नाही, हे वडिलांनी त्याला विचारले नाही. पगार सुटला, त्यातून माझी परीक्षेची फी भरली गेली. वडील सज्जन होते. ते पुढे वीस वर्षे जगले, आणि त्या तरुणाचे नाव आमच्या घरात पुन्हा कोणी काढले नाही.

त्या एका वर्षात देशात सुमारे ८३ लाख शस्त्रक्रिया झाल्या, बहुतेक पुरुषांच्या. त्याच वर्षी महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तीन हयात मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झाले नाही. पुरोगामी म्हणविणाऱ्या महाराष्ट्राने ते केले होते हे मात्र विसरता कामा नये. १९७७ च्या निवडणुकीत लोकांनी त्याचे उत्तर दिले. त्या उत्तराचा अर्थ सरकारांनी काय लावला? पुरुषांना हात लावू नये, एवढाच. आज देशात नसबंदी केलेल्या स्त्रियांचे प्रमाण ३७.९ टक्के आहे, पुरुषांचे ०.३ टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, स्त्रीची अवघड. तरीही सुरी स्त्रीवर. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडात बिलासपूर जिल्ह्यातील एका शिबिरानंतर १३ बायका मेल्या. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाला अशी शिबिरे बंद करा असे सांगावे लागले.

सक्तीची उघड भाषा गेली. पण ती दुसऱ्या दाराने परत आली. ते दार म्हणजे काल ताट धुवायला गेलेल्या बाईचे प्रकरण.

१२ सप्टेंबर २००१ नंतर ज्याचे तिसरे अपत्य जन्मले, तो महाराष्ट्रात ग्रामपंचायतीचा, पंचायत समितीचा, जिल्हा परिषदेचा सदस्य होण्यास अपात्र ठरतो, असा कायदा आपल्या राज्याने केला. आमदाराला आणि खासदाराला ही अट नाही. विधानसभेत सहा मुलांचा बाप बसू शकतो. तलासरीच्या ग्रामपंचायतीत तीन मुलांची आई बसू शकत नाही. एका हाताने महाराष्ट्राने स्थानिक संस्थांत स्त्रियांना निम्म्या जागा दिल्या, पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला अधिकार दिले. आणि दुसऱ्या हाताने, ज्या वयाची, ज्या वर्गाची स्त्री त्या जागेवर प्रथमच बसणार होती, नेमक्या तिलाच दाराबाहेर ठेवले. मूल किती व्हावे हे ठरविण्याचा अधिकार जिला घरात नाही, तिला ते झाल्याबद्दल गावात शिक्षा. निर्मला बुच यांनी पाच राज्यांत या अटीचा अभ्यास केला तेव्हा अपात्र ठरलेल्यांत दुर्बल घटकांचा भरणा आढळला. पद वाचविण्यासाठी बायकोला टाकून देणे, मूल नाकारणे, गर्भपात करविणे असले प्रकारही आढळले. मध्य प्रदेश, हरियाणा, हिमाचल प्रदेश यांनी ही अट मागेच काढून टाकली. आंध्र प्रदेशाने २०२४ साली काढली, आणि तेथील मुख्यमंत्री आता लोकांना अधिक मुले होऊ द्या असे सांगू लागले आहेत! काल कमी मुले हा देशभक्तीचा पुरावा होता, आज जास्त मुले. बाईचे मत तेव्हाही विचारले नव्हते, आताही विचारलेले नाही.

शिक्षा येथेच थांबत नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गर्भवतीला किमान ६,००० रुपयांच्या मातृत्व लाभाचा हक्क दिला. प्रत्यक्ष योजनेत तो पहिल्या अपत्याला, आणि दुसरी मुलगी झाली तर तिला, एवढाच उरला. तिसऱ्या खेपेची गर्भवती सर्वांत अशक्त असते. मदत तिच्यापर्यंत पोहोचण्याआधीच संपते. त्यामानाने आदिवासी भागात गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे चौरस जेवण देणारी अमृत आहार योजना, जी २०१५ साली सुरू झाली, ती अपत्ये मोजीत बसत नाही. पण बाई डिसेंबरात भट्टीवर असेल, तर ताट गावच्या अंगणवाडीत आणि बाई भिवंडीत.

लग्नाच्या वयाविषयी थोडे बोलतो, कारण यावर बाहेरून येणारे फार घाईने बोलतात. वारली समाजात तरुण-तरुणी एकत्र राहू लागतात, मुले होतात, आणि लग्नाचा खर्च जमला की मग धवलेरीच्या गाण्यांनी लग्न लागते. कधी आईबापांच्या लग्नाला मुले हजर असतात. चौकात पालघट देवी लिहिली जाते ती सृजनाची देवी. या रीतीत स्त्रीला जी मोकळीक आहे ती आमच्या पांढरपेशा समाजात अजून आलेली नाही, आणि हुंडा येथे नाही. तेव्हा 'विवाहाचे वय' नावाचा सरकारी रकाना येथे फारसे काही सांगत नाही. पहिल्या बाळंतपणाचे वय सांगते, आणि ते कोवळे आहे. ते वाढलेच पाहिजे. परंतु कसे? २०१२ च्या बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यानुसार अठराच्या आतली गर्भवती दवाखान्यात आली की पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. कायद्याचा हेतू चांगला. परिणाम असा की, जिला वैद्यकीय मदतीची सर्वाधिक गरज ती वय लपविते, नाहीतर दवाखान्याची पायरीच चढत नाही, कारण नवरा तुरुंगात जाईल ही भीती. आशा कार्यकर्त्या हे तुम्हाला माझ्याहून नेमके सांगतील. मुलीला दहावी-बारावीपर्यंत आश्रमशाळेत टिकविणे हा यावरचा खरा उपाय. तो पोलिसांच्या हातचा नाही.

आणि जननदर कमी झाला म्हणजे प्रगती झाली, असेही समजू नका. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात मुली होत्या ८९४. बीड जिल्ह्यात ८०७. तेथे कुटुंबे लहान झाली ती सोनोग्राफीच्या आधाराने, मुली वगळून. १९८८ साली गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातील पहिला कायदा करणाऱ्या राज्याची ही कथा. अनुसूचित जमातींत हे प्रमाण राज्याच्या सरासरीहून पुष्कळ बरे आहे. तलासरीचा वारली तीन मुलांवर थांबत नाही म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी आपल्या एक-दोन मुलांत मुलगी किती वेळा आहे तेही मोजावे.

जागांच्या वाटपाचा प्रश्न थोडक्यात घेतो. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने लोकसभेच्या जागांचे राज्यवार वाटप १९७१ च्या जनगणनेवर गोठविले; पुढे चौऱ्याऐंशीव्या दुरुस्तीने ते २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत लांबविले. दक्षिणेची तक्रार अशी की, आम्ही कुटुंबे लहान केली त्याची शिक्षा आम्हाला जागा घटण्याने होणार. तक्रारीत तथ्य आहे. पंधराव्या वित्त आयोगाने लोकसंख्येच्या निकषासाठी २०११ ची गणना धरली, पण जननदर घटविल्याबद्दल साडेबारा टक्के भारांशही ठेवला. असा काही मार्ग जागांच्या बाबतीतही शोधता येईल. परंतु ही चर्चा 'त्यांची पोरे, आमचे पैसे' अशा भाषेत सुरू झाली की आपण सावध झाले पाहिजे. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत जो बिहारी मजूर राबतो, तो त्या ३.० च्या सरासरीतूनच आला आहे, आणि त्याला वाढविण्याचा खर्च महाराष्ट्राने केलेला नाही. हीच भाषा मुंबईत बसून तुमच्याविषयी बोलली जाते, हे ध्यानात ठेवा.

तर मित्रा, तुझ्या प्रश्नाचे माझे उत्तर असे: पाड्यांवर मुले अधिक असतील तर त्यांची कारणे भट्टीवर, दवाखान्यात आणि शाळेत शोध, आणि मुले किती हवीत हा निर्णय बाईच्या हाती येईल असे काम कर. तांबी, गोळ्या, दोन बाळंतपणांतले अंतर यांविषयी पाड्यावर बोलायला लाजू नका, आणि पुरुषांच्या बैठकीत पुरुषांच्या शस्त्रक्रियेविषयी बोला. अडलेल्या बाळंतिणीला सिल्वासा, वलसाड नाहीतर ठाणे गाठावे लागते; तज्ज्ञ डॉक्टर आणि रक्त येथे तालुक्याच्या ठिकाणी असावे, ही आपली मागणी कुटुंबनियोजनाची मागणी म्हणूनच मांडा. येथूनच जवळ बोर्डीला १९४५ साली ताराबाई मोडक यांनी आणि त्यांच्याबरोबर अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचे काम सुरू केले. पुढे कोसबाडला मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळाच कुरणावर नेली. भट्टीवर अंगणवाडी नेणे त्याहून कठीण नाही.

आणि स्थानिक संस्थांतील दोन अपत्यांची अट रद्द करावी, हा ठराव या शिबिराच्या अखेरच्या बैठकीत यावा अशी माझी सूचना आहे. ठराव मांडण्यासाठी पुढारी नको. कालची बाई मांडील. तिची तयारी आहे, मी सकाळी विचारले.

एक काम मात्र ठरावाची वाट न पाहता सुरू करता येईल. दिवाळीला अजून अवकाश आहे. प्रत्येक पाड्यासाठी दोनशे पानी वही घ्या. घरातली माणसे, गेल्या पाच वर्षांत जन्मलेली मुले, त्यांतली जगलेली आणि गेलेली, गेलेल्यांचे वय, आईचे वय, बाळंतपण कोठे झाले, कुटुंब कोणत्या गावच्या भट्टीवर जाते आणि बयाणा किती, एवढे रकाने पाडा. घरी जन्मलेल्या व नोंद न झालेल्या मुलांसाठी वेगळे पान ठेवा. वह्या भरल्या की माझ्याकडे पाठवा. आकडेमोड मी करून देईन. वीस पाड्यांच्या वह्या झाल्या तरी तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांपुढे आपल्याला ठाण्याची सरासरी ऐकून घ्यावी लागणार नाही.